तेराव्या वर्षी पेरलेली भाषा

गेल्या महिन्यात ताईकडे मोठी चर्चासभा भरली होती. विषय: भाचीने आठवीत संस्कृत घ्यावं की जर्मन? भावजींचा मुद्दा एकच, "मार्क कशात जास्त?" आजीचं मत संस्कृतला. भाची मुकाट्याने पोहे खात होती. तिला कोणीच काही विचारलं नाही, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

आणि मग आठवल्या चीनमधल्या त्या शाळा. त्यांच्याबद्दल पूर्वी बरंच वाचलं होतं. म्हटलं, लिहून काढावं.

१९६३ सालची गोष्ट. १९५० च्या दशकात चीनमध्ये परकी भाषा म्हणजे बहुतेक ठिकाणी रशियन. पण मॉस्कोशी बिनसलं आणि इतक्या सगळ्या रशियन शिकलेल्यांचं करायचं काय, असा प्रश्न पडला. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन नीट येणारी माणसं मात्र फारच थोडी. आफ्रिका-आशियात नवे देश जन्माला येत होते, जानेवारी १९६४ मध्ये तर फ्रान्सनेही चीनला मान्यता दिली. बोलायचं कोणी?

तेव्हा पंतप्रधान चौ एन लाय आणि परराष्ट्रमंत्री चेन यी यांच्या पुढाकाराने शांघाय, नानजिंग, वुहान अशा मोजक्या शहरांत परकीय भाषांच्या खास शाळा निघाल्या. हे दोघेही तरुणपणी फ्रान्समध्ये राहिलेले. चेन यींना तर १९२१ मध्ये चळवळीपायी तिथून हाकलून दिलं होतं. परक्या देशात तोंड उघडता न येणं म्हणजे काय, हे त्यांना चांगलंच ठाऊक असणार. या शाळांमागचा विचार साधा होता. भाषा लहानपणीच कानावर पडायला हवी. म्हणून मुलं कोवळ्या वयात निवडून घ्यायची, वर्ग लहान ठेवायचे आणि पहिल्या दिवसापासून बोलायला लावायचं. कोणाला कुठली भाषा मिळणार, हे देशाची गरज ठरवणार. (आमच्या भाचीसारखंच. फक्त भावजींच्या जागी सरकार!)

शांघायच्या शाळेतल्या सुरुवातीच्या मुलांमध्ये १९५० साली जन्मलेला एक मुलगा होता, यांग जिएची. तेरा वर्षांचा. इंग्रजी शिकू लागला.

पुढे तीनच वर्षांत, १९६६ मध्ये, सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. शाळा बंद पडल्या. ज्या भाषेसाठी सरकारने मुलं वेचून आणली, तीच भाषा आता संशयाची झाली. घरात परकी पुस्तकं सापडली तरी माणूस अडचणीत. ऑगस्ट १९६७ मध्ये बीजिंगमधली ब्रिटिश कचेरी जाळली गेली. खुद्द चेन यींना जाहीर सभांमधून अपमान सोसावा लागला. शिकलेली पोरं खेड्यात नाहीतर कारखान्यात गेली. यांग १९६८ मध्ये शांघायच्या एका वीजमीटर कारखान्यात कामाला लागला. अठरा वर्षांचं पोर, डोक्यात इंग्रजी आणि हातात मीटर.

मला इथेच थांबायला होतं. त्या चार वर्षांत त्या इंग्रजीचं काय होत असेल? वापरली नाही की भाषा गंजते, हे माझ्या शाळेतल्या संस्कृतवरून मी छातीठोकपणे सांगू शकतो!

मग वारं पुन्हा फिरलं. ऑक्टोबर १९७१ मध्ये चीनला संयुक्त राष्ट्रसंघात जागा मिळाली आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन आले. तेव्हा दुभाषे कोण होते? ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या टांग वेनशेंग आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेले, हार्वर्डला गेलेले जी चाओझू. म्हणजे योगायोगाने अमेरिकेत वाढलेली माणसं कामाला आली. नऊ वर्षांपूर्वी मुद्दाम पेरलेलं पीक अजून मातीतच होतं. चेन यी हे पाहायला नव्हते. महिनाभर आधीच, जानेवारीत, ते गेले.

१९७३ मध्ये यांगला इंग्लंडला शिकायला पाठवलं गेलं. पुढे तो दुभाषा झाला, अमेरिकेत राजदूत झाला आणि २००७ ते २०१३ परराष्ट्रमंत्री. मार्च २०२१ मध्ये अलास्कात अमेरिकेशी बोलणी झाली, तेव्हा कॅमेऱ्यांसमोर हेच यांग पंधरा मिनिटांहून जास्त बोलले, तेही चिनीतून. शेजारी दुभाषी भराभर टिपणं घेत होती. एकेकाळी दुसऱ्यांचे शब्द वाहून नेणारा माणूस आता स्वतःच्या भाषेत बोलत होता. इंग्रजी येत असूनही न वापरणं, हाही भाषेचाच एक वापर म्हणायचा.

त्या शाळांना पुढे चांगले दिवस आले. त्यातल्या निवडक मुलांना पुढे अनेक वर्षं विद्यापीठाच्या भयंकर प्रवेशपरीक्षेतून सूट मिळत असे. साहजिकच पालकांची झुंबड उडाली. नानजिंगच्या शाळेत तर नुसत्या प्रवेशपरीक्षेला बसायला मिळावं म्हणूनही काही काळ सोडत काढत!

पण मला आठवतात ती कारखान्यातून परत न आलेली मुलं. तीही वेचून घेतलेलीच होती. त्यांची फ्रेंच, त्यांची जर्मन कुठे गेली? एखादी आजी स्वयंपाकघरात अजून एखादं गाणं गुणगुणत असेल का? सरकारच्या हिशेबात ते वाया गेलं. तिच्या हिशेबात कदाचित नसेल.

असो. काल भाचीला फोन करून विचारलं, "तुला काय आवडेल गं?" बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "मामा, जपानी नाही का शिकवत?"

आता ताईला कोण सांगणार!