दस-नौ-आठ : मुलांच्या मदतवाहिनीची जडणघडण

१०९८ हा संकटात सापडलेल्या मुलांसाठी देशभर चोवीस तास चालणारा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक. त्याची सुरुवात जून १९९६ मध्ये मुंबईत, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रयोग म्हणून झाली. पोलिसांचा १००, अग्निशमन दलाचा १०१ आणि रुग्णवाहिकेचा १०२ हे क्रमांक तेव्हाही होते. पण फोन करणारा मोठा माणूस असेल, त्याला पत्ता सांगता येईल आणि पोलीस येणार म्हटल्यावर त्याला हायसे वाटेल, असे ते क्रमांक गृहीत धरून चालत. १०९८ ज्यांच्यासाठी निघाला त्या मुलांना पत्ता नव्हता, आणि पोलिसांना तर ती चुकवतच असत.

मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर घर सोडून आलेली मुले उतरणे ही जुनीच गोष्ट. बूटपॉलिश, कचरावेच, हॉटेलातली भांडी, गाडीत झाडू मारून हात पसरणे अशा कामांवर ती जगत आणि रात्री फलाटावर किंवा पुलाखाली झोपत. त्यांच्यासाठी सरकारी व्यवस्था नव्हती असे नाही. मुंबई इलाख्यात १९२४ मध्येच मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीचे निरीक्षणगृह मुंबईत सर्वांना ठाऊक होते. पण फुटपाथवरच्या मुलांच्या तोंडी त्याचे नाव ‘रिमांड होम’ असेच होते आणि तिथे जाणे म्हणजे पकडले जाणे, असा त्यांचा हिशेब असे. स्वयंसेवी संस्थांनी दिवसाचे वर्ग, रात्रनिवारे, दवाखाने चालवले होते. मात्र त्यांतल्या बहुतेकांना ठरावीक वेळा होत्या, तर मुलांवरचे प्रसंग बहुधा रात्री ओढवत. कोणाला गाडीखाली अपघात होई, कोणाला ताप चढे, कोणाला मारहाण होई.

टाटा समाजविज्ञान संस्थेची स्थापना १९३६ ची. विद्यार्थ्यांना वर्गात शिकवायचे आणि त्याच वेळी संस्थेने वस्तीत, इस्पितळात, पोलीस ठाण्यात स्वतः एखादे काम उभे करायचे, ही तिथली जुनी रीत. पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष कक्ष चालवण्याचा १९८४ चा प्रयोग त्याच रीतीतून आला होता. या संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांचे स्थानकांवर आणि रात्रनिवाऱ्यांत मुलांकडे जाणे-येणे असे. अडचण आली तर फोन करा, म्हणून त्यांनी मुलांना स्वतःच्या घरचा क्रमांक दिला. मुलांनी तो खरोखरच वापरला, आणि तोही अपरात्री. एका घरच्या फोनवर हे निभणारे नव्हते. या मुलांना फोन करता येतो, क्रमांक लक्षात राहतो आणि गरज पडली की ती फोन करतातही, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले. पुढची सारी उभारणी याच निरीक्षणावर झाली.

मुंबईच्या या सेवेचे नाव ‘चाइल्डलाइन’. इंग्लंडमध्ये याच नावाची सेवा ऑक्टोबर १९८६ पासून चालू होती. नाव सारखे असले तरी कामाची पद्धत निराळी. तिथल्या मुलाच्या घरी बहुधा फोन असे. ते चोरून बोले आणि पलीकडचा समुपदेशक ऐकून घेई. मुंबईच्या मुलाला नुसते ऐकून घेणारे माणूस पुरणारे नव्हते. कोणीतरी उठून चर्चगेटला किंवा कुर्ल्याला जाणे भाग होते. म्हणून मुंबईच्या सेवेत फोन उचलणाऱ्याच्या बरोबरीने बाहेर पडणारी माणसे ठेवावी लागली, आणि खर्चाची व कष्टाची बाजू पहिल्यापासून तीच राहिली.

पहिला अडसर क्रमांकाचाच होता. मुंबईतील दूरध्वनी महानगर टेलिफोन निगमकडे होते. सार्वजनिक फोनवर रुपयाचे नाणे टाकावे लागे आणि ज्या मुलाचा खिसा रिकामा असतो त्यालाच नेमकी मदत लागणार होती. क्रमांक निःशुल्क हवा, लहान हवा आणि अक्षरओळख नसलेल्यालाही तोंडपाठ होईल असा हवा, या तीन अटींत १०९८ बसला. मुलांनी तो ‘एक हजार अठ्ठ्याण्णव’ असा कधीच म्हटला नाही. दस, नौ, आठ अशी उलटी मोजणी त्यांच्या जिभेवर बसली आणि पुढे देशभरच्या फलकांवर तीच छापली गेली. (१९३७ मध्ये लंडनला ९९९ हा आपत्कालीन क्रमांक सुरू करताना नाण्यांच्या फोनपेट्यांत फेरफार करावा लागला होता तो याच कारणासाठी. अडल्यानडल्याच्या वेळी नाणे हाताशी असेलच असे नाही, हे तिथल्या टपाल खात्यालाही आधी ध्यानात घ्यावे लागले.)

क्रमांक फुकट झाल्याने सगळे मिटले नाही. पीसीओ बूथवाल्याची कमाई कॉलच्या पैशांवर चाले. मळक्या कपड्यांतला मुलगा येऊन फुकटचा नंबर फिरवू म्हणाला तर त्याला हुसकावून देण्यात बूथवाल्याचे नुकसान काहीच नव्हते. त्यामुळे सेवेच्या प्रचारात बूथवाले, चहावाले, हमाल आणि फेरीवाले यांच्याकडे जाऊन बोलणे आले. फायदा असा झाला की पुढे मुलाच्या वतीने फोन करणाऱ्यांत हीच माणसे येऊ लागली.

कार्यकर्ते निवडतानाही नेहमीची चाकोरी सोडली गेली. रस्त्यावर वाढलेल्या काही तरुणांना फोनवर आणि बाहेरच्या पथकात घेतले. कोणत्या फलाटावर कोणती टोळी झोपते, कोणता मुलगा नाव खोटे सांगतो, हे त्यांना विचारावे लागत नसे. ‘ओपन हाउस’ नावाची मुलांची खुली बैठक भरवण्याची प्रथाही सुरुवातीच्या काळातलीच. त्यात मुले सेवेबद्दलच्या तक्रारी तोंडावर सांगत. फोन उचलला नाही, ताई ओरडली, दवाखान्यात नेले पण परत कोणी आले नाही, असा सूर असे. या बैठका पुढे प्रत्येक शहराला बंधनकारक झाल्या, आणि संपूर्ण रचनेतली बहुधा हीच सर्वांत शहाणपणाची तरतूद होती.

एका कॉलचे काम साधारण असे चाले. फोन उचलणारी व्यक्ती मुलाचे नाव, वय, जागा आणि ओळखायची खूण विचारून घेई: कोणता पूल, कोणते दुकान, अंगावर कोणत्या रंगाचा शर्ट. मग पथक निघे. साठ मिनिटांच्या आत मुलापर्यंत पोचायचे हा नियम होता. मूल आजारी असेल तर आधी इस्पितळ. तिथे पालक कोण, सही कोण करणार, असे प्रश्न येत आणि एखाद्या मुलाला दाखल करून घ्यायलाच नकार मिळे. पोलीस ठाण्यात डायरीला नोंद करावी लागे. मुलाला घरी जायचे असेल तर गाव शोधणे हे वेगळेच काम, कारण सात वर्षांच्या मुलाला जिल्हा माहीत नसतो. नदी आहे का, बाजार कोणत्या वारी भरतो, गाडी कुठे बदलली, अशा तपशिलांवरून नकाशा जुळवावा लागे.

नोंदवहीतले कॉलचे प्रकार पाहिले तरी या सेवेची कल्पना येते. वैद्यकीय मदत, निवारा, घरी पोचवणे, अत्याचारापासून संरक्षण, हरवलेले मूल, भावनिक आधार असे रकाने होते. मृत्यूविषयक कॉल हाही एक स्वतंत्र रकाना होता. फुटपाथवर मूल दगावले की त्याचे सोबती फोन करत आणि बेवारस म्हणून त्याची विल्हेवाट लागू नये एवढीच त्यांची मागणी असे. नुसते गप्पा मारणारे, शिव्या देणारे आणि काहीच न बोलणारे कॉलही वेगळे मोजले जात. मुके कॉल तोडायचे नाहीत, असे कार्यकर्त्यांना शिकवले जाई. बरीच मुले दोन-चारदा नुसता आवाज ऐकून मगच बोलत.

मुंबईत जम बसल्यावर केंद्र सरकारने ही सेवा इतर मोठ्या शहरांत नेण्याचे ठरवले आणि १९९९ मध्ये ‘चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन’ ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. पैसा मुख्यतः सामाजिक न्याय मंत्रालयाचा, २००६ नंतर महिला व बालविकास मंत्रालयाचा. फाउंडेशनने शहरोशहरी आपल्या शाखा उघडल्या नाहीत. प्रत्येक ठिकाणी आधीपासून काम करणाऱ्या संस्थेकडेच सेवा सोपवली. पुण्यात हे काम ‘ज्ञानदेवी’कडे गेले. एखादी शैक्षणिक संस्था समन्वय पाही, एक संस्था फोन आणि पथक चालवी, इतर संस्था आपापल्या भागात मदत करत. पोलीस, रेल्वे, आरोग्य आणि दूरध्वनी खात्याचे अधिकारी सल्लागार मंडळावर असत. क्रमांक, चिन्ह, नोंदीचा नमुना आणि साठ मिनिटांचा नियम मात्र सगळीकडे एकच. ही रचना स्वस्त पडली आणि वेगाने पसरली. तिची कमजोरीही याच रचनेत होती. अनुदान तुटपुंजे आणि अनेकदा उशिरा येणारे. त्यामुळे कार्यकर्त्यांचे पगार रखडत आणि शिकलेली माणसे सोडून जात.

तांत्रिक बाजूही गमतीची होती. मुंबई व दिल्ली महानगर टेलिफोन निगमकडे आणि बाकी देश दूरसंचार विभागाकडे, २००० पासून भारत संचार निगमकडे असल्याने तोच क्रमांक ठिकठिकाणच्या एक्स्चेंजमध्ये चालू करून घ्यावा लागे. लँडलाइनच्या काळात फोन त्याच शहरातल्या केंद्रात वाजे. उचलणाऱ्याला गल्ली ठाऊक असे. मोबाइल आले, खासगी कंपन्या आल्या आणि हा सोपेपणा संपला. पुढे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा ठिकाणी मध्यवर्ती संपर्क केंद्रे उभारून कॉल तिथे घेतले जाऊ लागले व तिथून जिल्ह्याच्या पथकाला कळवले जाऊ लागले. नोंदी नीट राहू लागल्या, पण विदर्भातल्या मुलाची खूणगाठ मुंबईत बसलेल्या माणसाला समजावून सांगण्याची वेळ आली.

कायद्याचे पाठबळ हळूहळू मिळाले. भारताने बालहक्क संहितेला डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता दिली होती. २००० च्या बाल न्याय कायद्याने बालकल्याण समित्या आणल्या आणि सापडलेल्या मुलाला समितीपुढे हजर करणाऱ्यांत चाइल्डलाइनला स्थान दिले. २०१५ च्या कायद्यात ‘चाइल्डलाइन सेवा’ अशी व्याख्याच आली. या सेवेचे नाव न्यायालयांतही घुमले. कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवाऱ्यातील मुलांच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण २००१ मध्ये उघड झाल्यावर फाउंडेशनने ते लावून धरले. उच्च न्यायालयात आरोपी सुटल्यावर अपील झाले आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा कायम केली.

शहरांपलीकडे, जिल्ह्याजिल्ह्यांत सेवा पोचली तेव्हा कॉलचा चेहरा बदलला. फलाटावरच्या मुलाच्या जागी आता बऱ्याचदा शाळकरी मुलगी असे आणि तिचे लग्न परवावर आलेले असे. बीडसारख्या ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यांत, जिथे तोडणीसाठी बाहेरगावी जाताना मुलगी मागे ठेवून जाणे आईबापांना जोखमीचे वाटते आणि लग्न लावून देणे सोयीचे, तिथे १०९८ चा मुख्य उपयोग बालविवाह थांबवण्यासाठी होऊ लागला. फोन मैत्रीण करी, शिक्षक करी, कधी निनावी शेजारी. ग्रामसेवक, पोलीस आणि कार्यकर्ते मिळून मांडवापर्यंत पोचत. रेल्वेनेही २०१५ पासून मोठ्या स्थानकांवर मदत कक्षांना जागा दिली, म्हणजे ज्या फलाटांवरून ही कल्पना निघाली तिथे वीस वर्षांनी तिला टेबल-खुर्ची मिळाली. २०२० च्या टाळेबंदीच्या तोंडावर, २० ते ३१ मार्च या काळात, देशभरातून तीन लाखांहून अधिक कॉल आले. घरात कोंडल्या गेलेल्या मुलांना धोका घरातूनच असू शकतो, याकडे त्यामुळे लक्ष वेधले गेले.

दरम्यान, आपत्कालीन सेवांसाठी ११२ हा एकच क्रमांक आणण्याचे काम केंद्राने हाती घेतले होते. २०२२ च्या ‘मिशन वात्सल्य’ या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनी १०९८ ला ११२ शी जोडून राज्य सरकारांच्या हाती सोपवण्याचे ठरवले आणि २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने ते अमलात आले. संस्थांचा आक्षेप असा होता की ११२ ही पोलिसांच्या अंगाने चालणारी व्यवस्था आहे आणि वर्दीला बिचकणारे मूल तिथे बोलणार नाही. सरकारची बाजू अशी की बालसंरक्षण ही मुळात राज्याची जबाबदारी आहे आणि ती अनुदानावरच्या संस्थांवर कायम टाकून चालणार नाही. दोन्ही बाजूंत तथ्य होते. तोडगा म्हणून १०९८ हा क्रमांक वेगळा ठेवला गेला. हा कॉल आता राज्याच्या महिला व बालविकास खात्याच्या नियंत्रण कक्षात घेतला जातो आणि तिथून जिल्हा बालसंरक्षण कक्षाच्या पथकाकडे जातो. तातडीच्या धोक्याचा कॉल असेल तर तो ११२ कडे वळवला जातो, आणि ११२ वर आलेला मुलांविषयीचा कॉल १०९८ कडे.