सुताचा पाढा

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या पडवीत रात्री आठला आजोबांचा वर्ग भरायचा. मी तो पाहिलेला नाही. आत्यानं सांगितला, तोही शेंगा निवडता निवडता, तुकड्यातुकड्यांनी.

आजोबा नागपुरात ड्रॉइंग शिकून इथं आले, तेव्हा रायपूर नागपूरच्याच प्रांतात होतं. 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, रायपूर मध्य प्रदेशातच राहिलं. त्याच साली गावात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाची कोनशिला बसली, पण पंचेचाळिशीतल्या फिटरला तिथं कोण घेणार? आणि तीसेक किलोमीटरवर भिलाईला पोलाद कारखाना उभा राहत होता. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. नकाशे रशियन, मापं मिलिमीटरची. आमच्याकडचे मिस्त्री मात्र सुतात मोजणारे, एका इंचाची आठ सुतं. कानस मारलेल्या लोखंडावरून नुसतं बोट फिरवून ते उंचवटा सांगत.

“गुरुजी, हाथ जानथे, फेर कागज नइ जानय,” एक वयस्क फिटर वर्गाच्या पहिल्याच दिवशी म्हणाला. हाताला कळतं, पण कागद कळत नाही.

आजोबांनी त्याचं बोलणं धरून ठेवलं. बाराखडी नंतर. आधी जमिनीवर एक नट ठेवला आणि खडूनं तो तीनदा काढला: समोरून, बाजूनं, वरून. पाळी संपवून, बासी भात खाऊन आलेली माणसं ओणवी होऊन बघत राहिली. आजोबा प्रत्येकाला ‘आप’ म्हणत. 1855 साली जोतिराव फुल्यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, हे ते वारंवार सांगत. मोठ्या माणसाला शिकवताना त्याचं मोठेपण आधी सांभाळावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवलं असेल? मला वाटतं, त्या फिटरनंच.

मग पावकी-निमकीच्या चालीवर त्यांनी सुताचा पाढा बांधला. एक सूत म्हणजे तीन पूर्णांक एकशे पंचाहत्तर सहस्रांश मिलिमीटर. घोगऱ्या आवाजात पंधरा-वीस माणसं तो म्हणत. दहा वर्षांची आत्या दाराआड बसून ऐके. तिला कुणी आत बोलावलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात दार घासू लागलं म्हणून एक तरुण सुतार आला. हातात स्टीलचा टेप, पण पोऱ्याला म्हणाला, “दू सूत अउ छील.”

आतून, खाटेवरून, आत्याचा आवाज आला, “सहा पूर्णांक पस्तीस शतांश.”