काटा टोकाला गेला, पण हाक कुणी मारली नाही

मैत्रिणींनो, विमान उडवताना पायलटला इंजिन दिसत नाही. त्याच्यासमोर असतात काटे आणि आकडे: इंजिन किती फिरतंय, किती तापलंय, तेलाचा दाब किती, थरथर किती. पूर्वी मोठ्या विमानांत हे काटे बघायला फ्लाइट इंजिनिअर नावाचा तिसरा माणूस बसायचा. १९८० नंतर ते काम हळूहळू कॉम्प्युटरकडे गेलं आणि दोनच पायलट उरले. मग धोका दिसला की यंत्रानंच हाक मारायला हवी. ती हाक आली नाही तर काय होतं, ते आज ऐकूया.

८ जानेवारी १९८९, रात्री आठचा सुमार. लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७-४०० विमानात १२६ माणसं होती. वर चढताना डाव्या इंजिनातल्या पंख्याचं पातं तुटलं. विमान हादरू लागलं, धुराचा वास आला. डाव्या इंजिनाची थरथर दाखवणारा काटा टोकाला गेला. पण तो काटा लहान. त्यावर लाल खूण नाही, दिवा नाही, घंटा नाही. जुन्या विमानांतले असे काटे भरवशाचे नसत, म्हणून पायलट त्यांच्याकडे फारसं बघतही नसत. गडबडीत त्यांनी उजवं, म्हणजे चांगलं इंजिन बंद केलं. नेमके तेव्हाच हादरे कमी झाले, आणि आपलं बरोबर आहे असं त्यांना वाटलं.

कॅप्टननं प्रवाशांना सांगितलं की बिघाड उजव्या इंजिनात होता. मागे बसलेल्या काहींनी तर डाव्या इंजिनातून जाळ निघताना पाहिला होता. ते बुचकळ्यात पडले, पण पुढे जाऊन कुणी सांगितलं नाही.

जवळच्या विमानतळावर उतरताना, धावपट्टी चार-साडेचार किलोमीटरवर असताना, डावं इंजिनही बंद पडलं. आगीची घंटा वाजली ती त्यानंतर. मिनिटभरात विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या बांधावर आदळलं. ४७ जण गेले.

चौकशीत दोन गोष्टी सुचवल्या गेल्या. थरथरीचा काटा टोकाला गेला की पायलटचं लक्ष वेधून घेणारी सोय हवी. आणि पायलट व प्रवाशांजवळचे कर्मचारी यांनी संकटात एकमेकांशी कसं बोलायचं, याचा सराव एकत्र करावा.

मैत्रिणींनो, दुसरी गोष्ट आपल्याही कामाची आहे. गटाच्या वहीत आकडा चुकलेला दिसला, तर ‘अध्यक्षताईंना माहीत असेलच’ म्हणून गप्प बसू नका. त्याच बैठकीत विचारा. आणि कुणी विचारलं, तर वही उघडून दाखवा.