नारू कसा गेला

नारू म्हणजे काय, हे आज आपल्या लेकींना ठाऊक नाही. आपल्या आज्यांना ते चांगलं ठाऊक होतं.

दुष्काळी गावांत बायका बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरत. पाण्यातल्या बारीक किड्यांतून नारूची पिल्लं पोटात जात. वर्षभरानं पायाला फोड येई आणि त्यातून मीटरभर लांब जंत निघे. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. ऐन सुगीत माणूस अंथरुणाला खिळे, मजुरी बुडे. आग शमवायला पाय पाण्यात बुडवला, की नवी पिल्लं त्याच पाण्यात पडत.

या रोगावर ना लस होती, ना औषध. नळाचं पाणी पिणाऱ्यांना तो होत नसे. गरिबाघरी मात्र ठाण मांडून बसे. १९८३-८४ पासून महाराष्ट्रासह सात राज्यांत मोहीम झाली. हातपंप आले, बारवेत उतरणं थांबलं, घरोघरी पाणी फडक्यानं गाळलं गेलं. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

पाणी गाळणारे हात आपल्या बायकांचेच होते. म्हणून ग्रामसभेत आपण स्वच्छ पाणी मागतो, तेव्हा आरोग्यच मागत असतो.