वाणी हीच लेखणी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथून मुंबईस जाणाऱ्या गाडींत शिरतांना धडधाकट माणूसही थकतो. मग ज्याचे डोळे किंवा हात अधू, त्यानें चरितार्थ कसा चालवावा? संगणकाची आज्ञावली लिहिण्याचें काम घरबसल्या होतें खरें. परंतु त्यासही डोळे आणि बोटें हवींतच, असा समज होता.

पुण्यांत वाढलेल्या टी. व्ही. रामन यांची दृष्टि चौदाव्या वर्षीं काचबिंदूनें गेली. पुढें मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें ते संगणकशास्त्र शिकले आणि अमेरिकेंत १९९५ सालीं त्यांनीं 'ईमॅक्सस्पीक' निर्माण केलें. पडद्यावरील आज्ञावली तें बोलून दाखवूं लागलें. डोळ्यांचें काम कानांनीं पत्करलें.

राहिला प्रश्न हातांचा. अखंड बोलणें टिपणारें 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' १९९७ सालीं निघालें. पण तें साध्या गद्यासाठीं होतें, कंस आणि चिन्हें यांपुढें अडखळे. अतिश्रमानें हात दुखावलेल्या टॅव्हिस रड यांनीं त्यालाच स्वतः योजिलेले आखूड शब्द शिकविले व २०१३ सालीं भर सभेंत केवळ वाणीनें आज्ञावली लिहून दाखविली.

दोन्ही वाटा ज्यांची अडचण त्यांनींच पाडल्या. उणीव माणसांत नव्हती, यंत्राच्या घडणींत होती. आणि घडण बदलतां येते.