घोटीची वाट आणि ओझ्याचा तोल

पावसाळा सरूं लागला, कीं मुंबई-आग्रा रस्त्यावर घोटीस एक देखावा नेमानें दिसतो. सुटीच्या दिवशीं सकाळीं घाट चढून आलेल्या मोटारसायकली चहाच्या टपऱ्यांपुढें ओळीनें उभ्या राहतात. कोणाच्या मागच्या बैठकीवर तंबूची गुंडाळी, कोणाच्या दोन्ही अंगांस काळ्या पेट्या, कोणाच्या टांकीवर नकाशाची पिशवी. चहा होतो, पट्टे पुन्हां एकदां ओढून पाहिले जातात, आणि ही मंडळी भंडारदऱ्याकडे, कळसूबाईकडे, कोणी त्याहूनही दूर, उघड्यावर मुक्काम करण्यासाठीं चालती होतात. हा सारा खटाटोप परदेशांतून आलेला छंद होय, अशी घरच्या वडीलधाऱ्यांची समजूत असते. आणि चमत्कार हा, कीं खुद्द छांदिष्टांचीही समजूत तीच असते. सामान कसें बांधावें हें ते परक्या देशांतील चित्रें पाहून शिकतात, आणि दोन्ही बाजूंच्या पेट्यांना ‘पॅनियर’ म्हणतात.

या शब्दापाशींच थोडें थांबावयास हवें. पॅनियर हा शब्द फ्रेंचांतून इंग्रजींत आला, आणि त्याचें मूळ लॅटिनमधील पावाच्या टोपलीत आहे. ओझ्याच्या जनावराच्या दोन्ही कुशींस अशा टोपल्या लटकवीत. तोच शब्द पुढें सायकलीस व मोटारसायकलीस चिकटला. म्हणजे युरोपांतही ही विद्या यंत्राबरोबर जन्मलेली नाहीं, ती गाढवा-खेचरांच्या पाठीवरून उतरलेली आहे. आमच्याकडे बैलाच्या पाठीवरून दोहों बाजूंस लोंबणाऱ्या जोडपिशवीस कंठाळ म्हणत, घोड्यावरच्या तशाच पिशवीस खुर्जी म्हणत, आणि माणसाच्या खांद्यावर तीच लहान होऊन आली म्हणजे तिला पडशी म्हणत. एका वस्तूसाठीं जनावरागणिक वेगळा शब्द ज्या भाषेनें घडविला, त्या भाषेच्या लोकांना ओझें लादण्याची रीत बाहेरून शिकण्याची गरज कां पडावी?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथ वाचून सुचला असें मात्र नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीही असेच निघालों होतों. तंबू, वळकटी, स्टोव्ह, भांडीं, दोन गाठोडीं असें सारें आम्हीं मागच्या बैठकीवर एकावर एक रचलें, आणि नव्या सुती दोरीनें करकचून आवळलें. कसाऱ्याच्या घाटांत पहिल्याच वळणावर हातांतील दांडा उगाच हलका वाटूं लागला. पुढचें चाक रस्त्यावर टेकलें आहे कीं नाहीं, याची शंका यावी असा. आम्हीं तें गाडीचें वय समजलों. घोटीच्या अलीकडे दोरी सैल होऊन तिचें टोंक मागच्या चाकांत गेलें, आणि गाडी घसरत जाऊन रस्त्याच्या कडेस थांबली. मागून मालमोटार नव्हती, एवढीच दैवाची कृपा.

तेथें आम्हांस एका दूधवाल्यानें गांठलें. त्याच्या मोटारसायकलीस लोखंडी सांगाडा होता आणि त्यांत दोहों अंगांस दुधाच्या रिकाम्या किटल्या टांगलेल्या होत्या. त्यानें आमचें सामान न विचारतां सोडावयास घेतलें. “भाऊ, हे गवताचं भारं नाही, डोक्यावर डोकं रचायला,” तो म्हणाला. “जड असंल ते खाली, आन् तुमच्या अंगाजवळ. दोन्ही कडंला सारखं. मागं लोंबू द्यायचं नाही.” मग किटल्यांतील दूध घरोघर कसें घालतो, हें त्यानें सांगितलें: एक घर डावीकडच्या किटलींतून, दुसरें उजवीकडच्या, एकच बाजू रिती केली तर गाडी ओढूं लागते. आमच्या दोरीस त्यानें हातही लावला नाहीं. ट्यूब कापून केलेल्या रबरी पट्ट्या काढून त्यानें सारें पुन्हां बसविलें, आणि प्रत्येक पट्टीचें टोंक आंत खोचलें. पैसे घेतले नाहींत. पुढील प्रवासांत गाठोडें बोटभरही सरकलें नाहीं.

या माणसास ही विद्या कोणी शिकविली? तो कोणत्या शाळेंत गेला होता तें आम्हीं विचारलें नाहीं; पण तो ज्या वाटेवर उभा होता, ती वाट फार जुनी आहे.

थळच्या घाटानें कोंकण आणि नाशिकचा प्रदेश हे एकमेकांस जोडलेले आहेत, आणि घाट चढून आल्यावर इगतपुरीनंतर घोटीचा बाजार लागतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा सुमारें १९०० वर्षांपूर्वींचा शिलालेख आहे. त्यांत त्यानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें वाटसरूंसाठीं चौसोपी धर्मशाळा बांधून दिल्याचा उल्लेख आहे. शूर्पारक म्हणजे वसईजवळचें सोपारें, आणि गोवर्धन नाशिकच्या लगतचें. या दोन ठिकाणांमधील प्रवाशास सह्याद्रि कोठें तरी ओलांडणें भागच होतें, आणि दोन धर्मशाळांमध्यें जितक्या रात्री पडत, तितक्या त्यास उघड्यावर काढाव्या लागत असल्या पाहिजेत. त्याच्या पाठाळावर काय काय होतें तें शिलालेख सांगत नाहीं.

तें सांगतात पुढील काळचे प्रवासी. पीटर मंडी नांवाचा इंग्रज व्यापारी १६३२ सालीं उत्तर हिंदुस्थानांत प्रवास करीत असतां त्यास १४,००० बैलांचा एक तांडा भेटला. त्यावर सारें धान्य लादलेलें होतें. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेंही त्याच शतकांत दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचें वर्णन केलें आहे. हे लोक कागदपत्रांत वंजारी, लमाण, चारण अशा निरनिराळ्या नांवांनीं येतात. आज त्या वेगवेगळ्या जाती मानल्या जातात, आणि त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. लमाण हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला, असें कित्येक म्हणतात. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, समुद्राकडील मीठ वर देशावर आणि देशावरील धान्य खालीं, हा त्यांचा मुख्य धंदा होता, आणि सह्याद्रीचे घाट ही त्यांची रोजची पायरी होती.

तांड्याच्या लादणींत जें शास्त्र होतें, तें आजच्या फटफटीवाल्यानें बारकाईनें पाहण्यासारखें आहे. बैलाच्या पाठीवर प्रथम पालाण, म्हणजे जाड गादी; त्यावर दोन समान वजनांची गोण आडवी टाकलेली. उचलतांना दोघे माणसें दोहों बाजूंस उभीं राहून एकदम उचलीत, कारण एका बाजूनें चढविलेलें ओझें जनावराच्या कण्यास पीळ घालतें. ओझें मुख्यतः तोलावर राही, बंधनावर नव्हे. त्यामुळें बैल अडखळला, ओढ्यांत बसला, तर गोण तात्काळ उतरवितां येई. एका बैलावर साधारण दोन-अडीचशें पौंडांपलीकडे कोणी घालीत नसे, आणि सारा तांडा दिवसास दोन-तीन कोसांहून अधिक चालत नसे. वाटेंत बैलांस चरावयास सवड हवी. मुक्काम पडला म्हणजे त्याच गोण्या एकावर एक रचून भिंत उभी करीत, आणि तिच्या आडोशानें बायकामुलें व चुली राहात. ज्यानें दिवसा माल होता, त्यानेंच रात्रीं घर होई. आमच्या मतें सामान-बांधणीचें याहून उत्तम तत्त्व अद्यापि कोणी सांगितलेलें नाहीं: प्रत्येक वस्तूनें दोन कामें करावींत, नाहीं तर तिनें घरीं राहावें.

या सर्वांस सैन्याच्या इतिहासांतही मोठें स्थान आहे. १८०३ च्या युद्धांत आर्थर वेलस्लीची फौज दक्षिणेंत फिरली, ती बऱ्याच अंशीं या तांड्यांच्या धान्यावर. उलट ज्यांना ओझें आवरतां आलें नाहीं त्यांची काय गत होते, तें सांगण्यास पानिपतापर्यंत जाण्याची जरूरी नाहीं, जरी ‘बाजारबुणगे’ हा शब्द मराठी माणसाच्या मनांत १७६१ शींच जोडला गेला आहे. घोटीहून आग्नेयेस डोंगरांत पट्टा किल्ला आहे. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजी महाराजांनीं जालन्याची पेठ लुटली, आणि परततांना लुटीनें जड झालेल्या फौजेस संगमनेराजवळ मोगलांनीं गांठलें. झुंज तीन दिवस चालली, सिधोजी निंबाळकर पडले. शेवटीं बहिर्जी नाईकानें आडवाटेनें महाराजांस पट्ट्यावर सुखरूप आणलें. तेथें विसांवा मिळाला म्हणून त्यास विश्रामगड हें नांव पडलें. ज्या फौजेचें सारें बळ हलकेपणांत होतें, ती एकदां जड झाली, आणि तेवढ्यानें तिच्यावर हा प्रसंग आला. घोटीस चहा पितांना पेट्या मोजणाऱ्या तरुणांना ही गोष्ट आम्ही नेहमी सांगतों. ते हंसतात, पण एक-दोघे मग गाठोडें उघडून कांहीं तरी मित्राच्या घरीं ठेवून जातात, हें आम्हीं पाहिलें आहे.

तांड्यांचा शेवट याच घाटांत झाला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. प्रथम आग्रा रस्ता बांधला गेला आणि गाड्या घाट चढूं लागल्या. नंतर १ जानेवारी १८६५ रोजीं जी. आय. पी. रेल्वेचा थळ घाटांतील मार्ग खुला झाला. सुमारें ९ मैलांत ९७२ फूट चढ, आणि जास्तींत जास्त ३७ फुटांस १ फूट असा उतार. आजही वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यास जादा एंजिनें जोडावीं लागतात. आगगाडीलाही हा घाट एकट्यानें चढवत नाहीं, याचें आम्हांस लहानपणापासून मोठें कौतुक वाटत आलें आहे. पण त्या आगगाडीनें बैलाच्या पाठीवरील मीठ आणि धान्य काढून घेतलें. ज्यांचा धंदा गेला ते मजुरीस लागले, शेतीस लागले, कित्येक नुसतेच भटकत राहिले. आणि भटकणें हाच जेव्हां संशयाचा विषय झाला, तेव्हां १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या जाळ्यांत निरनिराळ्या प्रांतांतून त्यांच्यापैकीं अनेक टोळ्या ओढल्या गेल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. हजारों बैलांचें ओझें तोलून, चोरांपासून राखून, दूरदूरच्या बाजारांत बिनचूक पोंचविणाऱ्या लोकांस जन्मतः गुन्हेगार ठरविलें गेलें! तंबू घेऊन हौसेनें हिंडणाऱ्या सुखवस्तु घरांतील मुलांना आज आम्ही धाडसी म्हणतों. पोटासाठीं तेंच करणाऱ्यांना पोलिसांत हजिरी द्यावी लागे. हा भेद डोळ्यांआड करून प्रवासाच्या हौसेचा इतिहास लिहितां येणार नाहीं.

मोटारसायकल आमच्या मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आली ती स्वातंत्र्यानंतर. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली. सैन्यासाठीं मागविलेली बुलेट हळूहळू नागरिकांच्या दारीं आली. त्या गाडीवरून दूर जाणाऱ्या जुन्या पिढीची एक युक्ति येथें नोंदवून ठेवण्यासारखी आहे: क्लचची जादा तार ते पिशवींत ठेवीतच नसत; जुन्या तारेच्या लगतच ती ओवून ठेवीत, म्हणजे रानांत तार तुटली तर फक्त टोंकें बदलावयाचीं. सामान असावें तें असें. बाकीचे नियम दूधवाल्यानें सांगितले तेच. जड वस्तु, म्हणजे पाणी, हत्यारें, स्टोव्ह, दोन्ही कंठाळींच्या तळाशीं आणि मागच्या चाकाच्या आंसाच्या पुढें. आंसाच्या मागें गेलेलें प्रत्येक शेर वजन पुढचें चाक उचलूं पाहतें. तंबू व वळकटी हलकीं, म्हणून तीं वर व आडवीं. पंक्चरचें सामान असें, कीं तें काढण्यास सारा संसार रस्त्यावर मांडावा लागूं नये. रॉकेल-पेट्रोल एका अंगास, तांदूळ दुसऱ्या. मागच्या चाकांतील हवा दोन माणसांसाठीं कारखान्यानें जें माप दिलें असेल तेवढी. आणि पांच-दहा मैलांवर एकदां उतरून सर्व पट्टे पुन्हां पाहणें, कारण ओझें हलून हलून आपली जागा शोधतें. तांड्याचा नाईकही पहिल्या ओढ्यापाशीं हेंच करीत असला पाहिजे.

एका बाजूस धान्य भरून दुसऱ्या बाजूस तोलासाठीं धोंडे भरणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट घरोघर ठाऊक आहे. आम्ही तिला हंसतों, आणि दुसरी पेटी रिकामी दिसते म्हणून तींत तिसरा अंगरखा भरतों.

अलीकडे घोटीच्या शेजारून समृद्धि महामार्ग गेला आहे. इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला, आणि मोटारी आतां बोगद्यांतून घाट न पाहतांच खालीं उतरतात. त्या रस्त्यावर दुचाकींना मज्जाव आहे. त्यामुळें मोटारसायकलवाल्यांना अजून कसाऱ्याचा घाटच चढावा लागतो, आणि घोटीस थांबावें लागतें. तांदूळ मुंबईहून बांधून आणूं नये. घोटी ही तांदळाची पेठ, गिरण्या गांवांतच आहेत, आणि हवा तेवढा शेर-दोन शेर तेथें मिळतो. मीठ मात्र आठवणीनें घ्यावें. डाव्या कंठाळींत तांदूळ टाकला, तर तेवढ्याच वजनाचें पाणी उजवीकडे भरावें, आणि मग बारीच्या रस्त्यास लागावें.