विश्रामबागवाडा : पेशव्यांचा कमी, पुण्याचा जास्त

थोरल्या बाजीरावांच्या नावाच्या रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावाचा वाडा उभा आहे. रस्त्यावर पुढे आलेला नक्षीदार लाकडी सज्जा आणि सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले सागवानी खांब. लक्ष्मी रोडच्या खरेदीला निघालेले पुणेकर त्याच्यासमोरून रोज जातात आणि पेशव्यांचा वाडा म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतात. पेशव्याच्या वाट्याला मात्र हा वाडा जेमतेम दहा-अकरा वर्षे आला. पुढची जवळजवळ दीडशे वर्षे तो शास्त्र्यांचा, विद्यार्थ्यांचा आणि पालिकेच्या कारकुनांचा होता. त्याची खरी थोरवी याच काळातली आहे.

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ बाजीरावाच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव वसईला पळाला, तिथे इंग्रजांशी तह केला आणि १८०३ मध्ये त्यांच्याच बंदोबस्तात पुण्याला परतला. राहायला शनिवारवाडा होता, पण तिथे पेशवे नारायणरावांचा खून झाला होता आणि त्या खुनाचा आळ ज्यांच्यावर आला त्या रघुनाथरावांचा बाजीराव हा मुलगा. त्याला ती वास्तू कधी मानवली नाही. त्याने शुक्रवारात, बुधवारात आणि सदाशिव पेठेच्या बाजूला हा विश्रामबाग असे नवे वाडे बांधले. विश्रामबागवाड्याला सुमारे दोन लाख रुपये खर्च आला. तीन चौक, वर दिवाणखाना, कमानींवर कोरीवकाम. राज्य हातातून निसटत असताना बांधलेल्या या घरात कारागिरांनी मात्र कसलीही कसर ठेवली नाही.

१८१८ मध्ये बाजीराव शरण आला आणि कायमचा बिठूरला गेला. वाडा कंपनी सरकारच्या ताब्यात आला.

पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ती एकदम बंद केली तर पुणे बिथरेल, हे इंग्रज प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ओळखले. त्या पैशांतला काही भाग विद्येकडे वळवायचे ठरले आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याच्या कारकिर्दीत, विश्रामबागेत संस्कृत पाठशाळा उघडली. पेशव्याच्या महालात न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष यांचे पाठ सुरू झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर इथेच शिकले. पुढे मेजर थॉमस कॅंडी पाठशाळेचा अधीक्षक झाला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात त्याचा हात होता आणि मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. आज आपण मराठी वाक्यात स्वल्पविराम देतो, त्यामागे याच वाड्यात वावरलेला एक माणूस आहे.

या वाड्यातला सर्वांत मोठा दिवस मात्र १६ नोव्हेंबर १८५२ हा मानायला हवा. त्या दिवशी इथे सभा भरली आणि मेजर कॅंडीच्या हस्ते जोतीराव फुले यांना शालजोडी देऊन सरकारने त्यांचा सत्कार केला. चारच वर्षांपूर्वी, इथून हाकेच्या अंतरावरच्या भिडेवाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती. त्यासाठी त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-दगड पडले. ज्या सत्तेने विद्येचा मान एका जातीपुरता ठेवला होता, तिच्या अखेरच्या धन्याच्या वाड्यात मुलींना आणि अस्पृश्यांना शिकवणाऱ्या माळ्याच्या मुलाच्या खांद्यावर शाल पडली. इतकेच नव्हे, त्यांच्या शाळांना दक्षिणा निधीतूनही मदत मिळाली. पुण्याच्या इतिहासात याच्या तोडीचे प्रसंग फार थोडे आहेत आणि हा प्रसंग सांगताना वाड्याचे नाव गाळू नये.

दरम्यान १८५१ मध्ये संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एक करून पूना कॉलेज झाले होते. त्याच वर्षी तिकडे बिठूरला बाजीरावाचे निधन झाले. पुढे ‘द लाइट ऑफ एशिया’ हे बुद्धचरित्रावरचे काव्य लिहून जगभर गाजलेला एडविन अर्नोल्ड हा काही वर्षे या कॉलेजचा प्राचार्य होता. १८६४ मध्ये कॉलेजला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत गेले. विश्रामबागेत सरकारी हायस्कूल भरू लागले.

बाजीरावाच्या काळातल्या इतर वाड्यांना आगीने गिळले. शुक्रवारवाडा १८२० मध्ये जळाला, शनिवारवाडा १८२८ मध्ये. १३ मे १८७९च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा दोन्ही पेटले. दिवस वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे होते, त्यामुळे संशय प्रथम तिकडे वळला. पुढे आग लावल्याबद्दल सरकारी पुस्तक डेपोतला एक कारकून दोषी ठरला. बुधवारवाडा राख झाला आणि पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागेचा पूर्वेकडचा भाग जळाला, पण लोकांनी वर्गणी काढली आणि तो दुरुस्त झाला. गावाला त्या वाड्याची गरज होती, म्हणून तो वाचला.

१९३० पासून १९५९ पर्यंत पुणे पालिकेचा कारभार इथून चालला. पेशव्याच्या दिवाणखान्याखाली घरपट्टी-पाणीपट्टीच्या फायली साठल्या. १९५० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तेव्हाही पत्ता हाच होता. नंतर कचेऱ्या शिवाजीनगरला गेल्या. रस्त्याकडच्या भागात टपाल कार्यालय चालले, वर ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन मांडले गेले आणि महापालिकेने लाकडाच्या, भिंतींच्या दुरुस्तीची कामे हाती घेतली.

दुरुस्ती हवीच. पण नुसते खांब पुसून, दिवे लावून, तिकीट ठेवून भागणार नाही. इथे पुन्हा अभ्यासिकेचे, व्याख्यानांचे, जुन्या कागदपत्रांचे रोजचे काम सुरू व्हावे, आणि दर १६ नोव्हेंबरला जोतीरावांच्या सत्काराची आठवण पुणेकरांनी याच चौकात जाहीरपणे साजरी करावी.